हिंमत आणि हिशेब

आठवीच्या वर्गावर विज्ञानाचा तास चालू होता. बल आणि दाब हा धडा. हवेचा दाब समजावताना विमानाच्या पंखाचा विषय निघाला. फळ्यावर पंखाची आकृती काढून आम्ही वळलो, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा होता. त्याने विचारले, "सर, वो यवतमाळवाले लडके ने हेलिकॉप्टर बनाया था ना, उसने गलत किया क्या?"

वर्ग एकदम शांत झाला. शिक्षकाकडे बहुतेक प्रश्नांची उत्तरे तयार असतात, निदान वेळ मारून नेण्याची वाक्ये तरी असतातच. आम्हीही तेच केले. "बैठो, पहले सबक पूरा होने दो," असे म्हणालो. धडा संपला, घंटा झाली, मुले घरी गेली. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला आणि बरेच दिवस मुक्कामाला राहिला. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

ती घटना अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या एका गावात आपल्याच समाजातील एक तरुण वेल्डिंगचे काम करीत असे. शाळा आठवीतच सुटलेली. कपाटे, कूलर बनवणाऱ्या या कारागिराने मोटारीचे जुने इंजिन बसवून एका माणसाचे हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट 2021 मध्ये, स्वातंत्र्यदिनाला काही दिवस उरले असताना, रात्रीच्या वेळी जमिनीवरच त्याची चाचणी चालू होती. मागच्या लहान पंख्याचे पाते तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले, आणि त्या तडाख्यात चालकाच्या जागेवर बसलेला तो तरुण जागीच जखमी होऊन पुढे मरण पावला. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांचे दुःख आमच्या लेखाचे भांडवल होऊ नये, एवढीच भावना आहे.

त्यानंतर दोन प्रकारची बोलणी ऐकू आली. काहींनी त्याला वेडा ठरवले. आठवी शिकलेल्या माणसाने असल्या भानगडीत पडूच नये, असे त्यांचे म्हणणे. काहींनी त्याला शहीद ठरवले आणि डोळे पुसून मोकळे झाले. दोन्ही बोलणी आम्हाला सारखीच सोपी वाटतात. दोन्हींत बोलणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी येत नाही. पहिल्यात दोष मेलेल्याच्या माथी जातो, दुसऱ्यात नशिबाच्या.

आता आम्हाला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला लाज वाटते, पण तिच्याशिवाय पुढचे लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. सहावीतल्या एका मुलाने कूलरची जुनी मोटर एका पाटीवर बसवली, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पाती केली आणि 'हेलिकॉप्टर' असे लिहून ते मॉडेल आणले. मोटर सुरू केली की जोराचा वारा यायचा. आम्ही खूश झालो. त्याची पाठ थोपटली, ते मॉडेल सर्वांत पुढच्या टेबलावर ठेवले, पाहुण्यांना कौतुकाने दाखवले. पाती कशाने बसवली आहेत हे आम्ही पाहिले नाही. ती दोन बारीक स्क्रूंवर होती. दुपारी एक पाते सुटले आणि समोर उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलीच्या भुवईवर लागले. चार टाके पडले. दोन बोटे खाली लागले असते तर डोळा गेला असता.

मुलीचे वडील शाळेत आले. आम्ही बोलणी खायची तयारी ठेवली होती. ते मजुरी करणारे साधे गृहस्थ. एवढेच म्हणाले, "सर, अल्लाह ने बचाया." आम्हीही लगेच म्हणालो, "हां, अल्लाह की मेहरबानी." वाक्य खरेच होते. पण त्या दिवशी आम्ही त्या खऱ्या वाक्याच्या आड लपलो. बचावाचे श्रेय अल्लाहला दिले आणि निष्काळजीपणाचा हिशेब कोणालाच दिला नाही. त्या मुलाला मात्र मुख्याध्यापकांसमोर उभे केले गेले. त्यानंतर त्याने कोणत्याही प्रदर्शनात काही आणले नाही.

आठवीच्या वर्गात उभे राहून प्रश्न विचारणारा मुलगा तोच होता. "उसने गलत किया क्या?" यातला 'तो' कोण, हे आम्हाला घरी आल्यावर कळले.

मुळात प्रश्न असा आहे की माणसाने आपल्या हौसेसाठी, ध्यासासाठी जीव धोक्यात घालावा का? आपल्या धर्मात जीव ही अमानत मानली आहे. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, आपल्याकडे सांभाळायला दिलेली. तिची उधळपट्टी करण्याचा हक्क आपल्याला नाही. पण हे एवढेच धरून बसलो, तर विहिरीत उतरणारा, विजेच्या खांबावर चढणारा, आगीत शिरून दुसऱ्याला बाहेर काढणारा, सगळेच गुन्हेगार ठरतील. अमानत तिजोरीत बंद करून ठेवायची असते असे नाही. ती कामी लावायची असते, मात्र हिशेबाने.

आकाशात उडण्याचा ध्यास आपल्याला परका नाही. कुरआनात पंख पसरून हवेत तरंगणाऱ्या पक्ष्यांकडे पाहण्यास सांगितले आहे. नवव्या शतकात कुर्तुब्यात, म्हणजे आजच्या स्पेनमधील कोर्दोबा शहरात, अब्बास इब्न फिरनास नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने अंगाला पिसे आणि पंख लावून उंचावरून झेप घेतली, काही अंतर तो तरंगला आणि उतरताना पडून जबर दुखावला, असे वर्णन सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी याने जुन्या आधारांवरून केले आहे. चंद्रावरील एका विवराला आज इब्न फिरनासचे नाव आहे. आपल्या सभासंमेलनांत हे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. आपल्या हिंदू बांधवांत शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव असेच घेतले जाते. त्यांनी 1895 मध्ये मुंबईत चौपाटीवर विमान उडवले असे सांगतात, जरी त्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा मिळालेला नाही.

पण इब्न फिरनासच्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग आपण सभेत सांगत नाही. तो का पडला, याचे कारणही त्या वर्णनात आहे. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो, आणि इब्न फिरनासने पंख केले पण शेपटी केली नाही. हजार वर्षे ही चूक टिकून राहिली, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. आमच्या मते पूर्वजांचे खरे देणे ही चूक आहे. आपण मात्र झेप लक्षात ठेवली आणि शेपटी विसरलो.

अमेरिकेतील राईट बंधू सायकली दुरुस्त करणारे आणि बनवणारे कारागीर होते. त्यांच्याकडेही महाविद्यालयाची पदवी नव्हती. तेव्हा शिक्षण कमी म्हणून हे काम करू नये, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. फरक कुठे होता? 1901 मध्ये त्यांनी लाकडी पेटीत पंख्याने वारा सोडून पंखांचे लहान लहान नमुने तपासले. असे सुमारे दोनशे नमुने. 1902 मध्ये इंजिन नसलेल्या ग्लायडरवर वाळूच्या टेकड्यांवरून शेकडो वेळा तरंगून पाहिले. मग 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिनाचे विमान उडवले. पहिले उड्डाण 12 सेकंदांचे, 120 फुटांचे. बारा सेकंदांमागे कित्येक वर्षांची तयारी उभी होती.

तरीही पुढे अपघात झालाच. 17 सप्टेंबर 1908 रोजी ऑर्व्हिल राईट सैन्याला विमान दाखवत होते. बरोबर थॉमस सेल्फ्रिज नावाचे तरुण लष्करी अधिकारी बसले होते. उडत असताना पंख्याचे पाते चिरले, त्याने मागच्या सुकाणूची तार तोडली आणि विमान कोसळले. सेल्फ्रिज मरण पावले, ऑर्व्हिल यांचा पाय आणि बरगड्या मोडल्या. पाते तुटले, अनर्थ झाला. अमेरिकेत 1908 मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात 2021 मध्ये, आमच्या शाळेच्या टेबलावर त्याआधी की नंतर, हे महत्त्वाचे नाही. पाते कोणाचे शिक्षण विचारून तुटत नाही. पण त्या अपघातानंतर कारण शोधले गेले, पात्यांत बदल केले गेले आणि पुढच्या वर्षी ऑर्व्हिल पुन्हा त्याच जागी उड्डाणाला आले. चुकीचा हिशेब मांडला गेला, म्हणून तो मृत्यू वाया गेला नाही.

आज परदेशांत घरी विमान बांधणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. विमानाचे सुटे भाग पेट्यांतून येतात, त्याला किट म्हणतात. ॲल्युमिनियमचे पत्रे, पंखांच्या फासळ्या, शेपटी, चाके, हजारो रिव्हेट आणि जाडजूड पुस्तिका. घराच्या गॅरेजमध्ये रोज दोन तास काम केले तर काही वर्षे लागतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मल्याळी अभियंत्याने लॉकडाऊनच्या काळात असेच किट आणून चार आसनांचे विमान बांधले आणि 2022 मध्ये त्यातून कुटुंबासह युरोपातले देश पाहिले. आपल्या वर्तमानपत्रांतही ती बातमी आली होती.

बातमीत विमान दिसते, तयारी दिसत नाही. बांधून झालेले विमान लगेच उडवायचे नसते. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून त्याचे वजन करतात आणि भार कुठे पडतो ते काढतात, कारण भार मागे सरकलेले विमान सावरत नाही. इंजिनापर्यंत इंधन पुरेसे पोहोचते का ते मोजतात. नट फिरून सुटू नये म्हणून त्यात पिन घालतात किंवा बारीक तारेने तो बांधून टाकतात. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे समजते. मग जमिनीवरच इंजिन चालवून पाहायचे, धावपट्टीवर आधी हळू, मग वेगाने पळवायचे. पहिल्या उड्डाणात फक्त चालक. चाचणीचे ठरलेले तास पूर्ण होईपर्यंत हौस म्हणून कोणाला शेजारी बसवायचे नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, बांधणाऱ्याने स्वतःच्या कामाला स्वतःच 'बरोबर' म्हणायचे नाही. टप्प्याटप्प्यावर दुसरा जाणकार येऊन तपासतो.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबर साहेबांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले, मग भरोसा ठेवायला, ही हदीस आपल्या घराघरांत माहीत आहे. नटाला तार बांधणे म्हणजे उंट बांधणेच. तवक्कुल सुरू होते ते ही तार बांधून झाल्यावर. त्याआधी जे असते त्याला तवक्कुल म्हणणे हे आळसाला धर्माचा झगा घालणे आहे. आमचे "अल्लाह की मेहरबानी" त्या दिवशी तसलेच होते.

गावातल्या वेल्डिंगवाल्या चाचांशी आम्ही या विषयावर बोललो. आमचे वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातले गाव. उत्तरेला सातपुडा, भोवती कपाशीची शेते. चाचांनी अर्ध्या गावाची फाटके आणि ट्रॉल्या जोडल्या आहेत. जुन्या मोटारसायकलीला डवरा जोडून देण्यातही त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी चष्मा वर केला आणि आपल्या वऱ्हाडीत म्हणाले, "सर, गेटाचा टाका सुटला तं गेट खाली पडते, मी जाऊन पुन्हा मारून देतो. वरती सुटला तं पुन्हा मारायले मानूसच राह्यत नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "पन त्या पोराले कोनी सांगतलं असन काय, का बाबू, हा टाका कच्चा हाय? माझ्या दुकानावर तं लोक फक्त 'व्वा चाचा' म्हनतात."

चाचांच्या या बोलण्याने आमचा प्रश्नच बदलला. तो तरुण चुकला की नाही, यापेक्षा 'व्वा' म्हणणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मोठा आहे. त्याचे यंत्र तयार होत असताना लोकांनी ते पाहिले, कौतुक केले. कौतुक करणे वाईट नाही. पण कौतुक हा सर्वांत स्वस्त माल आहे. पात्याचा धातू कोणता, तो किती फेरे सोसेल, डोक्याचे रक्षण कसे करणार, मागच्या पंख्याला आडोसा आहे का, हे विचारायला माहिती लागते, वेळ लागतो, आणि समोरच्याची नाराजी पत्करावी लागते. जुगाड हा शब्द आपण हल्ली कौतुकाने वापरतो. डवऱ्याला जुगाड चालतो, कारण तो मोडला तर शेतातच पडून राहतो. जे मोडल्यावर माणूस मरतो, तिथे जुगाडाला 'शाबास' म्हणणारा आपल्या वाट्याची जबाबदारी टाळतो.

यावर कोणी म्हणेल की मग सरकारी नियम आहेतच, परवानगी घ्यावी. बरोबर आहे. पण परवानगीची वाट आपल्याकडे कशी आहे, हेही पाहिले पाहिजे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहणारे वैमानिक अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न फसले होते. फेब्रुवारी 2016 मध्ये हे विमान मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले; त्यासाठी ते सुटे करून क्रेनने गच्चीवरून उतरवावे लागले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी व्हावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर नोव्हेंबर 2017 मध्ये नोंदणी झाली. उड्डाणाच्या चाचणीचा परवाना 2019 मध्ये मिळाला आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाण झाले. म्हणजे प्रदर्शनानंतर जमीन सोडायलाच चार वर्षे लागली.

या चार वर्षांकडे दोन नजरांनी पाहता येते. एक म्हणजे हुनरमंद माणसाला किती अडवले. ही तक्रार खोटी नाही. दुसरी म्हणजे, त्या काळात विमान घाईने उडाले नाही. धीर हाही विमानाचा एक भागच आहे. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. यादव स्वतः विमान कंपनीत वैमानिक होते. कोणत्या कार्यालयाचे दार ठोठवायचे हे त्यांना माहीत होते, इंग्रजीत अर्ज लिहिता येत होता, त्यांचे म्हणणे मुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचले. तरीही एवढी वर्षे लागली. मग आठवीत शाळा सुटलेल्या वेल्डरने कुठे जायचे? नियम हा रस्ता असावा लागतो. ज्याला तो दुरून भिंतीसारखा दिसतो, तो भिंतीला वळसा घालून रात्रीच्या अंधारात एकटाच चाचणी घेतो. अशा माणसाला तपासनीस भेटत नाही, भेटतात फक्त टाळ्या.

म्हणून इन्साफाने पाहायचे तर या मृत्यूचा हिशेब एका माणसाच्या नावावर टाकता येत नाही. त्याच्या हिश्श्याला उतावळेपणा येईल, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत, आयटीआय आहेत. तिथल्या जाणत्या माणसांना आणि अशा कारागिराला जोडणारा माणूस मध्ये कोणी नव्हता. हा मधला माणूस बहुतेक वेळा गावचा शिक्षक असतो, किंवा असायला हवा. बी.एड.ला आम्हाला पाठ-टाचण कसे काढायचे ते शिकवले. मुलाच्या हातातले यंत्र हातात घेऊन ओढून पाहायचे, हे कोणत्याच टाचणात नव्हते. पण ते न करण्याला ही सबब पुरत नाही.

वाचकहो, आपल्या समाजात तरुण मुलांच्या हातांत हुनर भरपूर आहे. गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, वायरिंग, जिथे पाहाल तिथे आपली मुले दिसतात. त्यांना 'हे आपले काम नाही' असे सांगणे हा अन्याय आहे. 'कर, अल्लाह मालिक आहे' असे सांगून निघून जाणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. पहिल्यात आपण मुलाचे पंख कापतो. दुसऱ्यात त्याला शेपटीशिवाय कड्यावर उभे करतो. तिसरी वाट कष्टाची आहे. त्याच्याजवळ बसायचे, चूक शोधायची, आपल्याला समजत नसेल तर समजणाऱ्याकडे त्याला घेऊन जायचे, आणि तयारी पुरी होईपर्यंत त्याला 'अजून नाही' म्हणायचे.

काही दिवसांनी आम्ही त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावले. म्हणालो, "बेटा, त्या यवतमाळवाल्या भाईने बनवले यात काही चूक नव्हती. तपासून घेतल्याशिवाय सुरू केले, ही चूक होती. आणि तपासणारा त्याला मिळाला नाही, ही आम्हा सर्वांची चूक होती. तुझ्या मॉडेलच्या वेळी पाती तू बसवली होतीस, पण पुढच्या टेबलावर ते आम्ही ठेवले होते. त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर तुझ्याबरोबर आम्ही उभे राहायला हवे होते." तो खाली मान घालून ऐकत होता. "जी सर," म्हणून निघून गेला. त्याला किती समजले, माफ केले की नाही, काहीच कळले नाही.

यंदाच्या प्रदर्शनासाठी आम्ही एक नियम केला आहे. प्रत्येक मॉडेल दुसऱ्या मुलाच्या हाती द्यायचे आणि त्याने ते मोडण्याचा प्रयत्न करायचा. जे टिकेल ते टेबलावर, जे मोडेल ते दुरुस्तीला. मोडणाऱ्यालाही गुण आहेत. सुरुवातीला भांडणे झाली, आता होत नाहीत.

गेल्या आठवड्यात तो मुलगा थर्माकोलचे ग्लायडर घेऊन आला. पंख नीट घासलेले, मागे शेपटी, नाकाला तोल साधायला मातीचा गोळा. आम्ही हात पुढे केला, पण त्याने ते लगेच दिले नाही. आधी शेपटी जिथे चिकटवली होती तिथे बोट ठेवून म्हणाला, "सर, पहले यहाँ से खींच के देखो."

आम्ही ओढून पाहिले.